पंक्तिभेद मोडणारे शिक्षणमहर्षी : कर्मवीर भाऊराव पाटील

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एखादी संस्था मागे वळून पाहते, तेव्हा तिने आपल्या देणगीदारांबरोबरच आपल्या समाजाच्या थोर पूर्वजांचेही स्मरण करावे, अशी आपल्याकडे परंपरा आहे. कोल्हापूर परिसरातील जैन समाजाच्या पूर्वजांत कर्मवीर डॉ. भाऊराव पाटील यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे चरित्र आपण शालेय पुस्तकांतून वाचलेले असते. त्यांनी किती शाळा काढल्या, हेही आपल्याला ठाऊक असते. परंतु कोणाला काय शिकता येते आणि कोणाच्या शहाणपणाला ज्ञान म्हणून मान मिळतो, हे त्याच्या जातीवरून, धंद्यावरून आणि तो पुरुष आहे की स्त्री यावरून ठरत आले आहे, हा प्रश्न या थोर पुरुषाने आयुष्यभर समाजापुढे मांडला. तोही भाषणांतून कमी आणि एकत्र मांडलेल्या पंक्तीतून अधिक. त्या दृष्टीने त्यांचे जीवन पुन्हा एकदा पाहावे, एवढाच या अल्पशा लेखाचा हेतू आहे.

कुंभोज ते कोल्हापूर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. कुंभोज म्हणजे आपल्या बाहुबली क्षेत्राच्या कुशीतले गाव. वडील पायगोंडा आणि मातोश्री गंगाबाई. घराणे शेती करणाऱ्या जैन पाटलांचे; गाव ऐतवडे बुद्रुक, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातले. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बालपण बदलीच्या गावी, दहिवडी, विटा अशा ठिकाणी गेले.

या बालपणाची एक आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत, तहानलेल्या बायका कोणी वरून पाणी घालील या आशेने ताटकळत उभ्या राहतात, हे पाहून संतापलेल्या भाऊरावांनी विहिरीचा रहाटच मोडून पाण्यात टाकला, असे सांगतात. पाणी सर्वांना मिळणार नसेल तर ते कोणालाच सुखाने मिळू नये, असा तो बालहट्ट होता. पुढे पाण्याच्या जागी विद्या आली. हट्ट मात्र तोच राहिला.

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये मुक्काम केला. त्या काळचे कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांना उत्तेजन देऊन मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी करविली. ज्या समाजात शिक्षणाची परंपरा नाही, त्याच्या मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय मिळाल्याखेरीज शाळेचे दार उघडे असूनही उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते.

भाऊराव शाळेच्या परीक्षांत चमकले नाहीत. गणिताशी त्यांचे जमले नाही. महाराजांनी शब्द टाकला असताही गणिताच्या शिक्षकांनी त्यांना वर चढविण्यास साफ नकार दिला आणि वर्गातील बाकही त्यांच्याआधी उत्तीर्ण होईल असा शेरा मारला, अशी आख्यायिका आहे. मॅट्रिकपर्यंत ते पोहोचले नाहीत. परंतु याच मुलाला मल्लविद्या, माणसांची पारख आणि अन्यायाची चीड यांत कोणी हरवू शकत नव्हते. या गुणांना गुणपत्रिकेत रकाना नव्हता, इतकेच.

वसतिगृहाचा उंबरठा

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास भाऊराव आवर्जून गेले. परत आल्यावर विटाळ झाला म्हणून स्नान करूनच पंक्तीस बसावे, असा वसतिगृहाचा दंडक त्यांना सांगण्यात आला. त्यांनी स्नानास नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला.

हा प्रसंग आपल्याच समाजाच्या वसतिगृहात घडला, हे आपण लपवू नये. त्या काळी सर्वच समाजांत तसे रिवाज होते, हे खरे. परंतु तेवढ्याने प्रसंगाचे महत्त्व कमी होत नाही. मागासलेल्यांना शिकता यावे म्हणून उघडलेल्या वास्तूतही शिक्षणाला एक उंबरठा राहून गेला होता. पुस्तके सर्वांची एकच, अभ्यासक्रम एकच, पण पंक्ती वेगळ्या. वीस-एकवीस वर्षांच्या त्या तरुणाला त्या दिवशी जे उमगले, ते कोणत्याही इयत्तेत शिकविले जात नव्हते. वेगळ्या पंक्तीत वाढलेली मुले एकमेकांविषयी अज्ञानीच राहतात, मग ती कितीही परीक्षा उत्तीर्ण होवोत.

याच्या पुढची हकीगतही सांगितली पाहिजे. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजा एडवर्ड व राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. त्यात जैन समाजाचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी तुरुंगवास आणि छळ सोसला, परंतु खोटी साक्ष दिली नाही. ज्या समाजाच्या वसतिगृहाने त्यांना बाहेर काढले, त्याच समाजाच्या नेत्यासाठी त्यांनी हे सोसले. मनात आकस न ठेवता सत्य धरून राहणे ही आपल्या धर्माची शिकवण आहे. ती त्यांनी आचरून दाखविली.

नांगराच्या फाळामागे

शाळा सुटल्यावर भाऊरावांनी अनेक व्यवसाय केले. काही काळ मुंबईत जवाहिराच्या व्यापारात उमेदवारी केली. साताऱ्यात खाजगी शिकवण्या घेतल्या. तेथे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. १९१० साली दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात त्यांनी भाग घेतला. पुढे ओगले बंधूंच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून त्यांनी खेडोपाडी पायपीट केली. त्यानंतर साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी कष्ट घेतले आणि शिक्षणाच्या प्रश्नावर मतभेद होताच ते तेथून बाहेर पडले.

आम्हा व्यापारी मंडळींना या फिरतीचे मोल अधिक कळावे. विक्रेत्याला गिऱ्हाइकाची भाषा शिकावी लागते. त्या काळी लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा अनेक शेतकऱ्यांचा समज होता. तो समज दूर करायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याचे म्हणणे ऐकून, त्याच्या बैलांना नांगर जुंपून दाखवावा लागे. या फिरतीत भाऊरावांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, अक्षरशून्य कुणब्याजवळ माती, पाऊस, बियाणे आणि जनावरे यांचे अपार ज्ञान आहे. दुसरी अशी की, अक्षर नसल्यामुळे तोच ज्ञानी माणूस सावकाराच्या वहीपुढे आणि कचेरीच्या कागदापुढे हतबल होऊन अंगठा उमटवितो. त्याच्या मुलाला अक्षर दिले पाहिजे, पण ते देताना त्याच्या हातातील विद्या काढून घेता कामा नये. भाऊरावांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या विचारात आहे.

काल्याचा संकल्प आणि साताऱ्याचे वसतिगृह

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीस, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सत्यशोधक विचारांच्या कार्यकर्त्यांचे पाठबळ तिला होते. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. आसरा देणाऱ्या राजर्षींचे ऋण भाऊरावांनी असे फेडले.

कोल्हापूरची वसतिगृहे त्या त्या समाजासाठी होती. साताऱ्याचे वसतिगृह सर्वांचे होते. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर, रामोशी, अशा सगळ्यांची मुले एका छपराखाली राहत, एकाच चुलीवरचे अन्न एका पंक्तीत बसून खात. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र हा मोठा क्रांतिकारक प्रयोग होता. स्वतः गांधीजींनीही त्याचा गौरव केला. १९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले, तेही याच धर्तीवर.

येथील दिनक्रमाकडे लक्ष द्यावे. मुलांनी स्वयंपाकाला हातभार लावायचा, भांडी घासायची, झाडलोट करायची, शेतात राबायचे, विहीर खणायची, इमारतीचे दगड वाहायचे आणि मग अभ्यासास बसायचे. कमवा आणि शिका या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली योजना ती हीच. बाहेरच्या जगात झाडलोट हे एका जातीचे काम होते, स्वयंपाक हे बायकांचे काम होते आणि लेखणी हे उच्चवर्णीय पुरुषांचे काम होते. साताऱ्याच्या वसतिगृहात ही तिन्ही कामे एकाच मुलाच्या हातात आली. पाटलाच्या मुलाने भांडी घासली आणि महाराच्या मुलाने संस्कृत सुभाषिते म्हटली, की दोघांच्याही मनातील जुन्या समजुतींना तडा जाई.

जगात इतरत्रही अशी पावले पडली होती. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे श्रम आणि विद्या यांची सांगड घालणारी संस्था चालविली. तेथील इमारतींच्या विटाही विद्यार्थ्यांनीच भाजल्या. तुलना केल्यास एक फरक जाणवतो. टस्कीगीची संस्था एका दडपलेल्या समाजासाठी होती. साताऱ्याला दडपणारे आणि दडपलेले अशा दोन्ही घरांतील मुले एकत्र होती आणि दोघांनाही काही शिकायचे होते.

रयत माउली

या वसतिगृहाची कथा भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांच्यावाचून पुरी होत नाही. कुंभोजच्या संपन्न, सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या. पतीने एका अस्पृश्य मुलाला घरी आणले, तेव्हा त्यांच्या मनात केवढी उलथापालथ झाली असेल, याची कल्पना आपल्या घरातील आजी-पणजी आठवून करता येईल. भाऊरावांचा विद्रोह राजवाड्याच्या आश्रयाने, सत्यशोधकांच्या सभांतून, जाणत्या मित्रांच्या सहवासात वाढला होता. लक्ष्मीबाईंना यांतले काहीच उपलब्ध नव्हते. त्यांच्यापुढे चूल होती आणि दारात उभे असलेले भुकेले मूल होते. त्या मुलाला जेवू घालता घालता त्यांचे सोवळे गळून पडले. पतीला जे विचाराने कळले, ते त्यांना हातांनी कळले. दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले, परंतु वाटा वेगळ्या होत्या आणि लक्ष्मीबाईंची वाट अधिक अवघड होती, असे मला वाटते.

आजारी मुलांची शुश्रूषा, घराच्या आठवणीने रडणाऱ्यांची समजूत, नव्या मुलाला पंक्तीत सामावून घेणे, उद्याच्या धान्याची विवंचना, हे सर्व त्यांच्याकडे होते. माहेरचे दागिने एकेक करून वसतिगृहासाठी गेले. भाऊराव दौऱ्यावर असताना कोठारात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. सौभाग्यलेण्याला हात लावणे त्या पिढीतील स्त्रीला काय वाटत असेल, हे पुरुषांनी सांगू नये. १९३० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा वसतिगृहातील मुले पोरकी झाली.

संस्थेच्या ठरावांत, पत्रव्यवहारात, सभांच्या वृत्तांतात पुरुषांची नावे सापडतात. शेकडो मुलांना एकत्र कसे वाढवावे, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या रागालोभांना कसे सांभाळावे, याविषयी लक्ष्मीबाईंना जे कळले होते ते कोठेही लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या पिढीतील ग्रामीण मुलींना शाळेचा उंबरठा क्वचितच दिसे. त्यामुळे ज्या स्त्रीच्या कष्टांवर शाळा उभी राहिली, तिचे शहाणपण शाळेच्या अभ्यासक्रमात आले नाही. रयत माउली हे नाव मुलांनी प्रेमाने दिले. त्या नावात मायेबरोबर विद्येचाही गौरव आहे, हे आपण ध्यानी घ्यावे.

मूठभर धान्याची देणगी

संस्थेसाठी भाऊराव गावोगाव फिरून घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करीत. ही मूठ घालणारा हात बहुधा घरातील बाईचा असे. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या हजारो बायांनी दळणातली मूठ बाजूला काढून दुसऱ्यांची मुले शिकविली. त्या अर्थाने रयत ही केवळ राजेमहाराजांच्या देणग्यांवर उभी राहिलेली संस्था नव्हे.

प्रारंभीची वसतिगृहे मुख्यतः मुलांची होती, हे नमूद केले पाहिजे. मुलींचे शिक्षण हा त्या काळी आणखी एक वेगळा उंबरठा होता. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींना शिकविण्यास आरंभ केला होता. आपल्या कोल्हापुरात रखमाबाई केळवकर यांच्याकडे स्त्रीशिक्षणाची जबाबदारी होती आणि धाकटे राजपुत्र १९१८ मध्ये निधन पावल्यावर शाहू महाराजांनी बालविधवा सून इंदुमती राणीसाहेबांच्या शिक्षणाची खास व्यवस्था केली होती. खेड्यातील कुणब्याच्या मुलीपर्यंत मात्र हे लोण पोहोचायचे होते. त्यासाठी आधी शिक्षिका हव्यात, हे जाणून रयतने साताऱ्यात अध्यापिकांसाठी जिजामातांच्या नावे विद्यालय काढले. खेड्यातून येऊन शिक्षिका झालेली तरुणी गावात परतली, की आईबाप आपल्या मुलीलाही निर्धास्तपणे शाळेत धाडू लागत.

शिक्षक घडविण्यासाठी १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघाले. त्यालाच पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळाले. त्यानंतरच्या काळात सरकारी योजनेखाली ज्या खेड्यांत शाळाच नव्हती, तेथे संस्थेने पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा चालविल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल हे विनामूल्य निवासी विद्यालय आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावे महाविद्यालय निघाले. स्वतः निरक्षर असूनही उभ्या महाराष्ट्राला कीर्तनातून शिकविणाऱ्या संताचे नाव महाविद्यालयाला देणे, हे भाऊरावांनाच सुचावे. स्वातंत्र्यानंतर सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद झाले, तेव्हा गाडगे महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्मान्य पदवी अर्पण केली. मॅट्रिकचा उंबरठा न ओलांडलेला विद्यार्थी डॉक्टर झाला. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांनी लावलेला वटवृक्ष वाढतच राहिला. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे आपल्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठही उभे आहे.

आपला वारसा

अनेकान्त हा आपल्या धर्माचा प्राण आहे. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट आपण पाठशाळेत मुलांना सांगतो. प्रत्येकाला सत्याचा एक अंश कळतो आणि सर्व अंश जुळले म्हणजे पूर्ण ज्ञान होते, असे तिचे सार. परंतु त्या गोष्टीत सर्वांना हत्तीला हात लावू दिला जातो. प्रत्यक्ष समाजात कित्येकांना हत्तीच्या जवळही जाऊ दिले नाही आणि ज्यांनी हात लावला त्यांपैकी स्त्रियांना काय जाणवले, हे कोणी विचारले नाही. मग आपले ज्ञान पूर्ण कसे व्हावे? कर्मवीरांनी सर्वांना हत्तीपर्यंत नेले, एका पंक्तीत बसविले आणि एकमेकांस विचारायला लावले. अनेकान्ताचे इतके प्रत्यक्ष आचरण आपल्या परिसरात क्वचितच कोणी केले असेल.

आमच्या कापडाच्या धंद्यात याची प्रचीती रोज येते. डोळे मिटून बोटांनी साडीचा पोत ओळखणाऱ्या गिऱ्हाईक भगिनी, मागाच्या नुसत्या आवाजावरून धागा तुटल्याचे सांगणारा इचलकरंजीचा कामगार, कांड्या भरताना सुताचा कस जाणणाऱ्या स्त्रिया, यांच्यापाशी जी विद्या आहे ती वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पुस्तकात नाही. आपण त्या विद्येवर व्यवसाय करतो, पण तिला विद्या म्हणत नाही.

आज विटाळाचे स्नान राहिलेले नाही. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत, मुलीही मोठ्या संख्येने उच्च शिक्षण घेत आहेत, ही समाधानाची बाब होय. तरीही काही प्रश्न आपण स्वतःस विचारले पाहिजेत. आपल्या विश्वस्त मंडळांत भगिनी किती आहेत आणि त्यांचा सल्ला पंक्तीच्या व्यवस्थेपुरताच घेतला जातो की हिशेबाच्या वहीतही? दुकानात वर्षानुवर्षे राबणाऱ्या नोकराची मुलगी आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत बसते का? गुणपत्रिकेत मागे पडलेला, पण हाताने आणि मनाने हुशार असलेला मुलगा आपल्या दारातून परत तर जात नाही ना? एकेकाळी असाच एक मुलगा आपल्या वसतिगृहातून बाहेर पडला होता. त्याला राजर्षींचे घर मिळाले म्हणून पुढे महाराष्ट्राला रयत मिळाली. प्रत्येक मुलाला राजर्षी भेटतोच असे नाही. म्हणून दार आपणच उघडे ठेवले पाहिजे.

पुढील पन्नास वर्षांचा संकल्प सोडताना हे एवढे ध्यानी ठेवले, तर कुंभोजच्या या सुपुत्राचे आणि रयत माउली लक्ष्मीबाईंचे स्मरण सार्थकी लागेल. या उभयतांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.